परतायची तारीख

रात्रीचा दीड वाजलाय आणि झोपेचा पत्ता नाही. संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, लिहून टाकते म्हणजे जरा बरं वाटेल.

युक्रेनमधल्या सैनिकांच्या बायकांबद्दल वाचत होते. फेब्रुवारी २०२२ ला नवरा लढायला गेला, मधे थोडे दिवस सुट्टी की परत आघाडीवर. २०२३ च्या शेवटी या बायका कीवच्या रस्त्यावर उतरल्या, मागणी एवढीच की आमच्या माणसांना कधी सोडणार ते ठरवा, आता दुसऱ्यांना पाठवा. सैन्यभरतीच्या नव्या कायद्याच्या मसुद्यात ३६ महिन्यांनी मोकळं करायची तरतूद होती, एप्रिल २०२४ मध्ये कायदा मंजूर होताना नेमकी तीच गळाली. माणसं कमी, शत्रू दारात, कारण कळतं हो, पण खंदकात बसून महिने मोजत होता त्याचं त्या दिवशी काय झालं असेल?

मला वाटतं माणूस गोळीला जेवढा भीत नाही तेवढा ह्या न संपण्याला खचतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांच्या पोरांना २५ मोहिमा झाल्या की सुटका असायची. जिवंत राहायची खात्री नव्हतीच, पण आकडा तरी होता, आज अकरा झाल्या, चौदा राहिल्या. १९४४ मध्ये तो आकडा ३० केला, मग ३५. डोळ्यासमोरची रेघ कोणीतरी उचलून पुढे नेऊन ठेवायची, ह्याहून मन मोडणारं काय असतं मला नाही माहीत.

पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये १९१७ साली हेच झालं. फ्रेंच सरसेनापती जनरल निव्हेल म्हणाले होते दोन दिवसांत जर्मन फळी फोडू, फुटली काहीच नाही, माणसं मात्र हजारोंनी गेली आणि मग पलटणीच्या पलटणी म्हणायला लागल्या की खंदक राखू पण हल्ल्याला जाणार नाही. ह्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तीन वर्षं चिखलात काढलेली माणसं होती ती. निव्हेलच्या जागी जनरल पेतँ आले, काहींना गोळ्या घातल्या हे खरंच, पण मोठे हल्ले थांबवले, जेवण सुधारलं, दर चार महिन्यांनी सात दिवस घरी जायची सुट्टी पक्की केली. सैन्य सावरलं त्यात ह्या सात दिवसांचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

आणि घरी बसलेल्यांना तर सुट्टीच नसते ना. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढा ८७२ दिवस चालला. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात बहुतेकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, तोही भेसळीचा. रेडिओवर कार्यक्रम नसला की मेट्रोनोमची (गाण्यात ठेका धरायच्या यंत्राची) टकटक लावून ठेवायचे, सावकाश चालली की आकाश मोकळं, भराभर चालली की विमानं येतायत. अंधारात, गारठ्यात, पोटात काही नाही आणि कान त्या टकटकीकडे, असे शेकडो दिवस. उद्याचा दिवस कसाबसा निघेल एवढंच माहीत, किती दिवस काढायचेत ते कोणालाच नाही.

कीवमधल्या त्या बायकांपैकी किती जणींची माणसं अजून तिकडेच असतील, हे काही डोक्यातून जात नाहीये.