ओढ्यापासून कड्यापर्यंत, माश्यांच्या मागावर

"मोहोळ शोधायचंय ना? मग झाडांकडे बघू नका, आधी पाण्यावर बसा," वाटाडे काका सकाळीच म्हणाले. म्हणून ओढ्याकाठी एका शेवाळलेल्या दगडाजवळ बसलो. थोड्या वेळात पहिली सातेरी, म्हणजे आपल्याकडची एक देशी मधमाशी, उतरली. बाजूला स्वच्छ, वाहतं पाणी असून ती ओल्या शेवाळावरच बसली. त्यात क्षार असतात, वास असतो आणि पाय टेकायला जागाही. उन्हाळ्यात हे पाणी पोळ्यावर पसरून माश्या पंखांनी वारा घालतात. अळ्यांजवळची ऊब 34-35 अंशांच्या आसपासच राहावी लागते.

पोट भरलेली माशी उठते, एखादा फेरा घेते आणि सरळ घराकडे निघते. तीच रेघ धरून आम्ही चढलो. वाटेत एका झुडपात फुलोरी या इवल्या मधमाशीचं तळहाताएवढं पोळं दिसलं, पण आमची माशी तिथली नव्हती. तिचं घर पुढे एका जुन्या आंब्याच्या ढोलीत निघालं. तोंड दोन बोटांचं, आत काळोख आणि त्यात एकाशेजारी एक लोंबणारी पोळी. सातेरीला असाच आडोसा लागतो. ही ढोली गेल्या वर्षी रिकामी पडली होती म्हणे. जुन्या मेणाच्या वासाने नवं मोहोळ पुन्हा तिथेच आलं. उजेडातल्या प्रशस्त जागेपेक्षा अशी वापरलेली, अरुंद तोंडाची ढोली त्यांना प्रिय असते, हे मला फार आवडलं.

पठारावर जांभूळ फुलला होता आणि सगळं झाड घुमत होतं. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. निळा, पिवळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील मात्र दिसतो. जांभळाची फिकट, बारीक फुलं तिला वासानेही बोलावतात. शिवाय मकरंद घेऊन घरी परतलेली माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं.

दुपारी समोरचा कडा दिसला आणि मी जागीच थांबलो. कपारींच्या छताला आग्या या मोठ्या मधमाशीची पोळी टांगलेली, काही तर एकेक मीटर रुंद. आग्याला ढोली नको, उंची हवी. माश्यांचा जिवंत थरच पोळं झाकतो. गांधीलमाशी जवळ आली की त्या थरावरून पोटं उचलण्याची एक लाट सरसरत जाते. दुर्बिणीतून अशा तीन लाटा पाहिल्या. याहून जवळ जायचं नाही, हे काकांनी आधीच बजावलं होतं.

मुक्कामाला पठारावरच राहिलो. अंधार पडताच काकांनी सगळ्यांचे टॉर्च बंद करायला लावले, कारण आग्या रात्री उजेडाकडे झेपावतो. पौर्णिमा जवळ आली होती. चंद्र वर चढला तसा जांभळावर पुन्हा गुंजारव सुरू झाला. चांदण्यातही मकरंद गोळा करायला आग्या बाहेर पडतो. आम्ही पडल्या पडल्या ऐकत राहिलो.