हाडात डाग दिसले म्हणजे कॅन्सर पसरलाच, असं नसतं

एमआरआयच्या रिपोर्टात ‘हिमँजिओमा’ (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ) वाचून घाबरलेल्या लोकांचे मेसेज येत असतात, म्हणून आधी तेच संपवते. मणक्यातला साधा हिमँजिओमा साधारण दहातल्या एका माणसात सापडतो, बहुतेकदा कंबरदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये, आणि त्या दुखण्याशी त्याचा काही संबंधही नसतो. सीटीच्या आडव्या छेदात ठिपके, उभ्यात रेघा, रेडिओलॉजिस्ट बघताक्षणी ओळखतो. मज्जारज्जूवर दाब येत नसेल तर काहीही करायचं नाही, विषय बंद.

खरा घोळ होतो तो याच्या दुर्मिळ भावंडांमध्ये, म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्याच इतर गाठींमध्ये. एपिथेलिऑइड हिमँजिओमा, हिमँजिओएंडोथेलिओमाचे दोन प्रकार आणि सगळ्यात वाईट म्हणजे अँजिओसार्कोमा. पेशंट येतो हाड दुखतंय म्हणून, स्कॅनमध्ये हाडं तीन-चार ठिकाणी पोखरलेली दिसतात, वय जरा जास्त असेल तर सगळ्यांच्या डोक्यात एकच, की कुठलातरी कॅन्सर हाडात पसरलाय. बायोप्सी होते, पेशी गुबगुबीत दिसतात, केराटिनचा स्टेन (कार्सिनोमा ओळखायला लॅबमध्ये लावतात तो रंग) पॉझिटिव्ह येतो आणि रिपोर्ट जातो ‘मेटास्टॅटिक कार्सिनोमा’, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर. मग मूळ गाठ शोधायला पेट स्कॅन, एंडोस्कोपी वगैरे, आणि ती सापडतच नाही, कारण ती नसतेच!

गंमत अशी की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या या पेशीसुद्धा केराटिन दाखवू शकतात. म्हणून मूळ गाठ मिळत नसेल तर ईआरजी आणि सीडी३१ हे या अस्तराच्या पेशी ओळखणारे दोन स्टेन लावून बघायलाच हवेत, महागडं असं काही नाही त्यात. स्कॅनमध्येही एक खूण असते, एकाच हाताच्या किंवा एकाच पायाच्या हाडांमध्ये डागांचा घोळका. कार्सिनोमा सहसा असा एका पायापुरता थांबत नाही.

बरं, रक्तवाहिन्यांची गाठ आहे एवढं कळून भागत नाही. एपिथेलिऑइड हिमँजिओमा बऱ्याचदा नुसता खरवडून काढला तरी पुरतं, क्वचित परत येतो. एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा, ज्याला सगळे ईएचई म्हणतात, तो लहरी. एकच गाठ असेल तर कडेच्या निरोगी भागासकट काढतात, पण पुष्कळदा लिव्हर आणि फुफ्फुसातही असतो, आणि तरी काही लोकांत वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, म्हणून अशांना औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच. वाढायला लागला तर सिरोलिमससारखं औषध वापरतात. अँजिओसार्कोमाला मात्र वाट बघायला वेळच नसतो, सर्जरी, रेडिएशन, पॅक्लिटॅक्सेल किंवा डॉक्सोरुबिसिनची किमो, जे शक्य असेल ते, आणि एवढं करूनही निकाल बहुतेकदा वाईटच.

ईएचई ओळखायला आता चांगला पुरावा मिळतो. बहुतेक केसेसमध्ये डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ आणि कॅमटा१ ही जीन्स जोडली गेलेली असतात, त्यामुळे कॅमटा१चा स्टेन पेशीच्या केंद्रकात उमटतो. एपिथेलिऑइड हिमँजिओमात एफओएस किंवा एफओएसबी हे जीन बदललेलं सापडू शकतं, पण एफओएस ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या हाडाच्या साध्या गाठीमध्येही बदलतं, म्हणजे नुसत्या त्या एका टेस्टवर उडी मारू नये.

बायोप्सीच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पुढे ऑपरेशन करणारी टीमच सुईची जागा ठरवतेय का, कारण गाठ काढताना सुईचा मार्गही काढावा लागू शकतो. रक्तस्रावाचीही तयारी लागते, या गाठी भरपूर वाहू शकतात. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. हाड कापता यावं म्हणून लॅबमध्ये ते ॲसिडमध्ये मऊ करतात आणि त्यात डीएनए-आरएनए खराब होतो, मग जीनची टेस्ट फेल. थोडा मऊसर तुकडा ॲसिडमध्ये न घालता वेगळा ठेवायला सांगा, नाहीतर ॲसिडऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला. आणि सेकंड ओपिनियनला जाताना नुसता रिपोर्ट नाही, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) दोन्ही घेऊन जा, शक्यतो सार्कोमा, म्हणजे हाडामांसाचे कॅन्सर, रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे, किमो सुरू व्हायच्या आधी.