घराजवळच्या रिसॉर्टची पंचवीस वर्षांची मेंबरशिप घ्यावी का? माझा अनुभव

आम्ही पुण्यात राहतो. आमच्यासमोर आलेली योजना साधी होती: एकरकमी चार लाख रुपये, पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री. लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर हे सगळं गाडीने काही तासांत. देशभरातली इतर ठिकाणं यादीत होतीच, पण विक्रेत्याचा सगळा भर ‘घराजवळ’ या एका शब्दावर होता. कधीही उठा आणि निघा. निर्णयापर्यंत पोचताना आम्ही काय तपासलं आणि कशाने पारडं कुठे झुकलं, ते इथे लिहितो. अशी मेंबरशिप घेणाऱ्याला पंचवीस वर्षांचा हिशेब आधी मांडता यावा असं मला मनापासून वाटतं.

आधी एक गोष्ट नक्की करावी लागते: आपण नेमकं काय विकत घेतोय? बहुतेक योजनांत तुम्हाला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. खोली तुमच्या नावावर होत नाही, सूची क्रमांक दोनवर (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) नोंद नाही, सातबाऱ्याशी संबंध नाही. पंचवीस वर्षांनी हातात काही उरत नाही. कोणी ‘मालकी’ किंवा ‘हिस्सा’ म्हणत असेल तर प्रश्नच वेगळा. मग नोंदणीकृत दस्त, बिनशेतीचा आदेश, फेरफार आणि वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च मागायलाच हवा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तिथल्या बांधकामाची परवानगीही पाहावी लागते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक: ‘रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर पैसे वाढवून परत’. असं वाक्य ऐकलं की तिथेच उठावं. सुट्टीच्या नावाखाली ही गुंतवणूक योजना असते आणि तिला सेबी या बाजार नियामकाची नोंदणी लागते. अशाच सुट्टी योजना विकणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीच्या प्रकरणात सेबीने २०१४ मध्ये पैसे गोळा करायला बंदी केली आणि २०१६ मध्ये परतफेडीचा आदेश दिला. रक्कम होती सुमारे सात हजार कोटी आणि गुंतवणूकदार पन्नास लाखांहून अधिक, त्यात महाराष्ट्रातली मध्यमवर्गीय घरं मोठ्या संख्येने.

विक्रेत्याच्या सादरीकरणाला जाताना आम्ही कार्ड, चेकबुक, पॅनची प्रत काहीच नेलं नाही. ‘आजच सही केली तरच हा दर’ हे वाक्य तिथे येतंच, आणि सही करायचं साधनच जवळ नसलं की चर्चा आपोआप कागदांवर येते. बोलावताना जे गिफ्ट व्हाउचर देतात, त्याच्या मागची बारीक छपाई वाचावी: प्रवास स्वतःचा, कर वेगळा, सुट्टीच्या तारखा वगळून. त्याची किंमत शून्य धरूनच विचार करावा.

मागायचे कागद चार: मेंबरशिपची पूर्ण नियमावली (रंगीत पुस्तिका नव्हे), रिसॉर्टवार सीझनचा तक्ता, गेल्या पाच वर्षांचं वार्षिक देखभाल शुल्क आणि रद्द करण्याची कलमं. नियमावली घरी न्यायला देत नसतील तर माझ्या मते तिथेच थांबावं. घरी वाचायला मिळत नाही त्या करारावर सही करायची नाही, इतकं सोपं आहे ते.

सीझनचा तक्ता नीट बघा. त्यात वर्षाचे आठवडे गर्दीप्रमाणे रंगांत वाटलेले असतात. क्लब महिंद्रा या मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीच्या मूळ योजनेत जांभळा, लाल, पांढरा, निळा असे चार रंग होते. इतर कंपन्यांचे रंग-नावं वेगळी, पण तत्त्व एकच: महाग रंग घेतला की वर्षातला जास्त काळ खुला, स्वस्त रंग घेतला की गर्दीचे आठवडे बंद. इथे जवळपणाची खरी परीक्षा लागते. महाबळेश्वरला गर्दी एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळात, पावसाळ्यात ते ओस पडतं. लोणावळ्याचं उलट. जून अखेरपासून भुशी धरणाच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी गाड्या हलत नाहीत. म्हणजे ‘पावसाळा हा ऑफ सीझन’ असं कोणी सरसकट सांगितलं, तर लोणावळ्याच्या रिसॉर्टसमोर जुलै महिन्याला कोणता रंग छापलाय ते बोट ठेवून बघायचं.

यानंतर आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो, आणि खरा निर्णय तिथेच झाला. आम्ही प्रत्यक्षात कधी जाऊ शकतो? मे महिना, दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस, नाताळ, आणि अधूनमधून जोडून येणाऱ्या सुट्ट्या. मुलांची दहावी-बारावी म्हणजे ती वर्षं जवळपास कोरी. आणि पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्याला सात रात्री सलग कोणी राहत नाही. राहतात शुक्रवार आणि शनिवार. त्यातला शुक्रवारही निम्मा जातो: ऑफिस सुटल्यावर निघालं की वाकडच्या कोंडीतून बाहेर पडेपर्यंत रात्र होते, आणि खात्यातून एक पूर्ण रात्र वजा होऊन फक्त झोप मिळते. पाचगणीला पसरणी घाट चढायचा, म्हणजे तर आणखी उशीर.

सात रात्रींचे दोन-दोनचे तुकडे केले तर तीन सहली आणि एक रात्र उरते. ती एकटी वापरता येते का? काही ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. वीकेंडच्या रात्रीला जास्त पॉइंट कापतात का? उरलेल्या रात्री पुढच्या वर्षी जातात का, आणि किती वर्षं? बुकिंग किती महिने आधी उघडतं, आणि महाग रंगवाल्यांसाठी आधी उघडतं का? या प्रश्नांची उत्तरं नियमावलीतल्या कलम क्रमांकासह लिहून घ्यावीत. विक्रेत्याचं तोंडी ‘हो, होऊन जातं’ करारात कुठेच नसतं, उलट ‘तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत’ हे कलम मात्र हमखास असतं.

उपलब्धता तपासायची एकच खात्रीची रीत आहे. आधीपासून मेंबर असलेल्या ओळखीच्या माणसाला त्याचं ॲप उघडायला सांगायचं आणि ठरावीक तारखा टाकायच्या: जुलैचा दुसरा शनिवार लोणावळा, भाऊबीजेनंतरचे दोन दिवस पाचगणी, १५ ऑगस्टला जोडून आलेला वीकेंड, मे महिन्याचा तिसरा आठवडा महाबळेश्वर. आज, महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा. जवळच्या रिसॉर्टचं दुखणं असं, की ते फक्त तुम्हालाच जवळ नसतं. पुणे आणि मुंबईतले सगळे मेंबर त्याच शुक्रवारी त्याच खोल्या मागतात. मंगळवार-बुधवार मोकळे दिसतात, शनिवार वेटिंगवर. दूरच्या रिसॉर्टला लोक आठवड्याच्या मधल्या रात्रीही भरतात, कारण तिथे रजा काढूनच गेलेले असतात. त्यामुळे माझ्या मते ‘घराजवळ’ हा मेंबरशिपचा गुण कमी आणि अडचण जास्त आहे.

आता पैसे. आकडे आमच्यासमोरच्या योजनेचे, तुम्ही तुमचे घाला, रीत तीच. चार लाख भागिले पंचवीस भागिले सात: रात्रीला २,२८६ रुपये. विक्रेता हाच आकडा दाखवतो. यात दोन गोष्टी नसतात. पहिली, वार्षिक शुल्क: समजा १८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. तुम्ही गेलात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि ते थकलं की बुकिंग बंद. दुसरी, अडकलेल्या रकमेची किंमत. चार लाख सात टक्क्यांनी ठेवून पंचवीस वर्षांत समान हप्त्यांनी मुद्दलासह काढून घेतले, तर वर्षाला सुमारे ३४,३२० मिळतात. दोन्ही मिळून वर्षाचे ५५,५६० रुपये. सातही रात्री वापरल्या तर रात्रीला सुमारे ७,९४०, चारच वापरल्या तर १३,८९०.

याच्यासमोर ठेवायचा तो त्याच दर्जाच्या खोलीचा उघड बाजारातला दर, तुमच्या तारखांचा, करासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. ही रेघ बुकिंग करताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढची वर्षंही मोजावी लागतात, कारण इथे मेंबरशिपची एक खरी जमेची बाजू आहे: मूळ रक्कम वाढत नाही, हॉटेलचे दर वाढतात. शुल्क आणि हॉटेलदर दोन्ही वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात असं धरलं (या गतीने साधारण बारा वर्षांत दुप्पट), तर ७,५०० च्या खोलीशी तुलना अशी होते. सातही रात्री वापरणाऱ्याला दुसऱ्या वर्षापासून मेंबरशिप स्वस्त पडते. पाच रात्री वापरणाऱ्याला बाराव्या वर्षी. चार रात्री वापरणाऱ्याला बाविसाव्या वर्षी. जीएसटीची रेघ तिथेच राहिली आणि वाढलेल्या दरावर १८ टक्के लागू लागला, तर पाच आणि चार रात्रींची ही वर्षं आठवं आणि सतरावं अशी अलीकडे येतात. लक्षात घ्या, हे त्या-त्या वर्षापुरतं स्वस्त पडणं आहे. आधीच्या वर्षांचा तोटा भरून निघायला त्याच्याही पुढे जावं लागतं.

म्हणजे सगळा निर्णय एका आकड्यावर येतो: वर्षाला नक्की किती रात्री? आणि घराजवळचं ठिकाण हा आकडा चारकडे ओढतं, दोन वीकेंड. पन्नाशीतल्या जोडप्याने पंचवीस वर्षं मोजताना पंचाहत्तरीपर्यंतचा घाट आणि गुडघे धरावेत. दहा वर्षांचं मूल आठ वर्षांत शिकायला बाहेर पडतं, तेही धरावं.

खर्चाच्या काही छोट्या बाबी करारात पसरलेल्या असतात. स्टुडिओ खोलीत दोन मोठे आणि दोन लहान, आणि बारा पूर्ण झालेलं मूल बहुधा मोठ्यांत मोजलं जातं. आजी-आजोबांना घेऊन जायचं तर एक बेडरूमचा प्रकार लागतो, त्याची किंमत वेगळी. जेवण बाहेर करायचं तर रिसॉर्ट गावापासून किती आत आहे ते नकाशावर बघा. आपल्या जागी भाऊ किंवा मित्र गेला तर पाहुणे शुल्क लागतं का, तेही विचारा.

बाहेर पडण्याची वाट सहीच्या आधी बघायची. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशाप्रमाणे असा करार चौदा दिवसांत विनाकारण रद्द करता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा मेंबरशिपसाठी, वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात लिहिलेली मुदत हाच आधार. अनेक करारांत ती दहा दिवसांची असते. दिवस कुठून मोजायचे, पैसे भरल्यापासून की सही केल्यापासून, हे तपासा. रद्द करायचं झालं तर फोनवर बोलून थांबू नका. मुदतीच्या आत ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्ही. मुदतीनंतर रद्द केलं तर किती टक्के कापतात याचा तक्ता असतो, पहिल्या काही वर्षांतली कपात जबर असते. पुढे कोणाला विकायची म्हटलं तर हस्तांतर शुल्क लागतं आणि गिऱ्हाईक मिळणं कठीण. जुने मेंबर किती कमी किमतीला विकायला काढतात ते ऑनलाइन जाहिरातींत पाहिलं की पुनर्विक्रीचा अंदाज येतो.

ईएमआयवर घेणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. कर्ज हा वित्त कंपनीशी झालेला वेगळा करार असतो. मेंबरशिप रद्द झाली म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही, दोन्हीकडे लेखी कळवावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक आणि वित्त कंपन्यांना अशा कर्जाचं मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक आहे. त्यात खरा वार्षिक व्याजदर असतो, तो ‘बिनव्याजी’ म्हणवणाऱ्या योजनेशी ताडून पाहा.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. पुरावा म्हणून माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि विक्रेत्याने कागदावर खरडलेले आकडे, सगळं जपून ठेवा.

आम्ही मेंबरशिप घेतली नाही. आमच्या रात्री चारच निघाल्या. दर वर्षी पंधरा दिवसांची रजा सलग काढू शकणारं, केरळ-हिमाचलपर्यंत जाणारं आणि सहा महिने आधी तारखा ठरवणारं कुटुंब असतं, तर याच आकड्यांनी मी ‘घ्या’ म्हटलं असतं. वार्षिक शुल्काइतकीच रक्कम आम्ही महिना १,७७० रुपयांच्या आरडीत टाकतो, वर्षाचे २१,२४०. त्यातून लोणावळा-पाचगणीची खोली रविवार ते मंगळवार घेतो, एक दिवस रजा टाकून. तेव्हा दर खाली असतात, बहुतेक वेळा ७,५०० च्या रेघेच्या आत, आणि परतीच्या वाटेवर घाट मोकळा मिळतो.