दादरला मोजून महाराष्ट्राचा हिशोब लागत नाही

रविवारी भाच्याला वरळीच्या तारांगणात नेलं होतं, परत येताना दादरला फास्ट लोकलसाठी उभे होतो, चेंगरून जीव जायची वेळ आणि ह्याला तिथेच प्रश्न सुचला, "मामा, अख्ख्या विश्वात किती माल भरलाय ते कसं मोजतात?"

म्हटलं, २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगरात चौरस किलोमीटरला २०,९८० माणसं आणि महाराष्ट्रात सरासरी ३६५. नुसतं दादर मोजून राज्याचा हिशोब केलास की बोंबलला. सुपरक्लस्टर म्हणजे दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या वसाहतींच्या) झुंडींचीही झुंड, विश्वातली दादर-कुर्ला. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी २०१७ मधे जाहीर केलेला तो सरस्वती, चार अब्ज प्रकाशवर्षं लांब, वजन साधारण दोन कोटी अब्ज सूर्यांएवढं! तो मोजून सरासरी कशी निघणार?

पण गंमत म्हणजे ही गर्दीच कामाला येते. आपलाही एक सुपरक्लस्टर आहे, कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या झुंडीभोवतीचा. ती झुंड विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्यापासून लांब जातेय, पण जायला हवी त्यापेक्षा सेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर कमी वेगाने, कारण तिकडचा माल आपल्याला खेचतोय. आता तिकडे दीर्घिका सरासरीच्या किती पट ते मोजता येतं आणि खेच किती तेही कळतं, मग गर्दी तर भरपूर पण खेच बेताचीच असं दिसलं की समजायचं, मुळात सरासरीच कमी आहे. १९८० च्या दशकात अशी आकडेमोड केली तर घनता क्रिटिकलच्या (प्रसरण जेमतेम थोपवायला लागेल तेवढी) बरीच खाली आली, आणि थिअरीवाल्यांना तर बरोब्बर क्रिटिकल हवी होती! मग ते म्हणाले, दीर्घिका म्हणजे नुसते दिवे, माल त्याच प्रमाणात असेल कशावरून? मुद्दा तसा खोटा नाही, रात्री नरिमन पॉइंटला दिवे बघा आणि माणसं बघा.

पण शेवटी कमीच निघाली. प्लांक उपग्रहाच्या हिशोबाने सगळा माल मिळून क्रिटिकलच्या ३१ टक्के, त्या ३१ पैकी आपल्यासारखा अणूंचा फक्त पाचेक, बाकी डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण खेचतो असा माल. भाच्याला सांगितलं, गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढ्या जागेत हा सगळा माल मिळून सरासरी दोन हायड्रोजन अणूंचंही वजन भरत नाही.

"दोन नाही तर किती?"

"दीड-पावणेदोन."

"मग तसं सांग ना."

गाडी आली, ठाण्यापर्यंत उभ्यानेच.