तीन पावसाळे न उघडलेला ड्राइव्ह

मे अखेरीस वेसाव्याला बोट वर ओढली तेव्हाच ठरवलं होतं, या वेळी मागचा ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा बोटीमागचा भाग, उतरवायचाच. जुनी 18 फुटी फायबरची बोट, आत पेट्रोल इंजिन, मागे मर्क्रूझर अल्फा वन जातीचा ड्राइव्ह. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून घरघर यायची. अशी घरघर म्हणजे बहुतेक वेळा गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं) खराब, आणि ते ड्राइव्ह काढल्याशिवाय हाताला लागत नाही. खरं तर ड्राइव्ह दरवर्षी उतरवून ग्रीस करायचा असतो. माझ्याकडून तीन पावसाळे राहून गेलं.

रीत सोपी आहे. गिअर फॉरवर्डमध्ये टाकायचा, दोन्ही ट्रिम सिलिंडर (ड्राइव्ह वर-खाली करणारे) मागून सोडवायचे, सहा नट काढायचे आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढायचा. वजन 40-50 किलो, म्हणून वर चेनब्लॉक. नट अर्ध्या तासात निघाले. ड्राइव्ह तसूभर हलला नाही.

मी घण उचलला तसे शेजारी जाळं शिवत बसलेले काका ओरडले, "अरे, मारू नकोस! आधी कुठं धरलंय ते बघ." कवच ॲल्युमिनियमचं, घणाने तडकलं असतं तर सगळाच खेळ संपला होता. काकांचे उपकार मी विसरणार नाही.

धरायच्या जागा तीन: स्टड (ज्यांवर ते नट बसतात ते दांडे), बेअरिंग, आणि इंजिनाच्या कपलरमधल्या (शाफ्ट इंजिनाला जोडणाऱ्या भागातल्या) खाचा. सुरुवात स्टडपासून केली. स्टड पोलादी, भोक ॲल्युमिनियमचं. खारं पाणी शिरलं की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि सुटता सुटत नाही. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पण तळाशी पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते, तिथे गॅसची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आईने घरून टोपभर उकळतं पाणी पाठवलं. ते स्टडांभोवती ओतायचं, लगेच दोन्ही बाजूंच्या लाकडी पाचरी आळीपाळीने थोड्या थोड्या ठोकायच्या. एकच बाजू ठोकली तर ड्राइव्ह तिरका होऊन आणखी आवळतो. चौथ्या टोपाला नखाएवढी फट पडली.

पण ही फट पाचर काढली की मिटायची. इथे मला कळलं की स्टड सुटलेत, आता आतला शाफ्ट धरतोय.

मग शाफ्टभोवतीचा, पाणी अडवणारा घड्यांचा रबरी बेलो कापला. तो तसाही बदलायचाच होता, कारण खालच्या घडीत बोटभर चीर होती आणि पाणी तिथूनच शिरलं होतं. कापताच गंजाचं तांबडं पाणी हातावर सांडलं. आत शाफ्ट आणि बेअरिंगची आतली रिंग यांच्यात फरक दिसत नव्हता, सगळा एकच खपल्यांचा गोळा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारलं. तिसऱ्या दिवशी भाऊ आणि मी ड्राइव्ह डावी-उजवीकडे, वर-खाली हलवत राहिलो, चेनब्लॉकवर वजन तोलून. तासाभराने 'टक्' झालं आणि ड्राइव्ह हातभर मागे आला. आतली रिंग शाफ्टवरच राहिली, गोळ्या वाळूत पडल्या.

रिंग ग्राइंडरने तिरकी कापून छिन्नीने फोडली. शाफ्टला चरा पडू नये म्हणून शेवटचा पापुद्रा कापायचा नाही, तो छिन्नीवरच सोडायचा. बाहेरची रिंग काढायला पुलर नागदेवी स्ट्रीटवरून आणला. कपलरच्या खाचा शाबूत निघाल्या. हे माझं नशीब, नाहीतर इंजिन उचलावं लागलं असतं.

नवं बेअरिंग, नवा बेलो, खाचांना भरपूर ग्रीस. ड्राइव्ह बसवण्याआधी अलाइनमेंट बार (इंजिन बेअरिंगच्या सरळ रेषेत आहे का ते बघायची सळई) लावला. तो दोन बोटांनी कपलरमध्ये सरकला पाहिजे. पहिल्यांदा अडला, म्हणून इंजिनाचे पुढचे माउंट थोडे थोडे फिरवत तीनदा पाहिलं. चौथ्यांदा बार अलगद आत गेला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात घातली, खाडीतून बाहेर पडताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, मग पूर्ण उजवीकडे. फक्त इंजिनाचा आवाज.