एका सीटवर दोन हिवाळे

मार्गशीर्षात खानदेशात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात: बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग आणि स्कूटरवर डोळे सोडून सगळं गुंडाळलेली माणसं. मे महिन्यात ४५ अंश मुकाट्याने सोसणारा जळगावकर पारा १० वर आला की कपाटातली कानटोपी शोधतो. त्यात उत्तरेचा वारा सुटला की बघायलाच नको. १० अंशांत ताशी ४० ने निघालं, तर उघड्या कातडीला ती हवा ६ अंशांसारखी झोंबते.

पण हे झोंबणं डबलसीट जाणाऱ्या दोघांच्या वाट्याला सारखं येत नाही. चालवणाऱ्याचे पाय पुढच्या पत्र्याआड असतात, मार बसतो छातीला आणि बोटांना. मागच्याची छाती त्याच्या पाठीआड सुरक्षित, गुडघे मात्र दोन्हीकडून बाहेर. म्हणून मागे बसणाऱ्याने कानाआधी गुडघ्यांची सोय बघावी. चालवणाऱ्याने स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवावी. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, कागदातून जात नाही. विंडचीटर असेल तर तो स्वेटरच्या वर. स्वेटर दिसावा म्हणून विंडचीटर आत घालणाऱ्यांनी खुशाल कुडकुडावं.

निघण्याआधी हवा बघायची, आणि ती टायर गार असताना. थंडीने टायरमधली हवा आकसते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड उतरते. बऱ्याच ११० सीसी स्कूटरांना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीटला ३६ लागते. हा ७ पौंडांचा फरक कुणी मनावर घेत नाही. मग मागचं चाक डुलतं आणि दोष वाऱ्याला!

वाऱ्याचाही दोष आहेच म्हणा. डबलसीट बसलं की वजन मागच्या चाकाकडे जातं, पुढचं हलकं होतं आणि हँडल वाऱ्याचं ऐकू लागतं. यावल-रावेरकडे केळीच्या बागेच्या आडोशाने गाडी सरळ धावते. बाग संपून उघडं शेत आलं, की आडवा झोत तिला हातभर बाजूला सारतो. बागेच्या कडेने शेतकरी वारा अडवणारी शेवरीची झाडं उगाच लावत नाहीत! ट्रक शेजारून जाताना तर क्षणभर वारा थांबतो आणि ट्रक पुढे गेला की दुप्पट आल्यासारखा वाटतो. अशा वेळी हँडल आवळून धरलं तर प्रत्येक हिसका थेट चाकापर्यंत पोचतो. कोपर सैल ठेवायचे, वेग तीस-पस्तीसवर आणायचा.

मागच्याने या वेळी काहीही करू नये, आणि नेमकं हेच जमत नाही. झोत आला की तो आपल्या मनाने उलट्या बाजूला कलतो, म्हणजे चालवणाऱ्याने सावरलेलं पुन्हा बिघडतं. जवळ सरकून बसावं, एक हात त्याच्या कमरेला, एक मागच्या दांडीला. त्याच्या जॅकेटच्या खिशात दोन्ही हात घालून बसणं उबदार खरं, पण ब्रेक लागला की धरायला काही उरत नाही. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या काकूंचा पदर आणि शालीचं टोक मांडीखाली गच्च दाबलेलं हवं. फडफडणारं टोक शेवटी चाकच शोधतं. वांग्यांची पिशवी आरशाला अडकवू नये, ती हँडल ओढते. पायाशी हूक असतो.

पोचल्यावर मागच्याने लगेच उडी मारू नये, गुडघे आखडलेले असतात. पाय दोनदा लांब करून मग उतरावं. चालवणाऱ्याची बोटं एव्हाना लाकूड झालेली असतात. ती काखेत धरावीत, सायलेन्सरवर नव्हे. हेल्मेटचा पट्टा मागच्यानेच सोडून द्यावा.