मायक्रो अ‍ॅडजस्टर चालला, पण लॉक दाबलं की फेन्स हलतेच

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर, लाकूड ज्या सरळ पट्टीला टेकवून चिरतात ती फेन्स. ती अगदी बारीक सरकवण्यासाठी करायला घेतलेला आणि मागच्या वेळी अर्धवट सोडलेला अ‍ॅडजस्टर आता व्यवस्थित चालतोय. त्यामुळेच खरं दुखणं कुठे आहे ते कळलं.

आधी चांगली बातमी. चुंबकानं टेबलाला चिकटणाऱ्या तयार अ‍ॅडजस्टरचा नाद सोडला. लहान सॉचं टेबल अ‍ॅल्युमिनियमचं, चुंबक चिकटणार कशाला? त्याऐवजी फेन्स जिच्यावर सरकते त्या पुढच्या रेलवर आवळता येईल असा लाकडी ठोकळा केला आणि त्यात एम6 चा (6 मिमी जाडीचा) बोल्ट बसवला. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1 मिमी, म्हणजे पूर्ण फेऱ्याला फेन्स 1 मिमी सरकते. मुठीवर दहा रेघा मारल्या, एक रेघ म्हणजे 0.1. एम8 दणकट असतो हे मान्य, पण त्याची नेहमीची पिच 1.25, आणि करवतीसमोर उभं राहून सव्वाचा पाढा म्हणायची माझी तयारी नाही. नटमधला प्ले (ढिलेपणा) स्प्रिंगनं एका बाजूला रेटून मारला. तरी मापावर येताना नेहमी एकाच दिशेनं येतो. पुढे गेलो तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा वर.

आता दुखणं. ड्रॉवरच्या तळासाठी खाच मारायची होती. 4 मिमी म्हणून मिळणारा प्लाय कॅलिपरवर 3.7 भरला. ब्लेडच्या एका कापाची रुंदी 2.4, म्हणून पहिल्या कापानंतर फेन्स 1.3 सरकवायची. अगदी 1.3 सरकवली, लॉक दाबलं, आणि तळ खाचेत खुळखुळायला लागला.

डायल गेज (शंभरांश मिमी दाखवणारं काट्याचं मापक) माइटर स्लॉटमधल्या, म्हणजे टेबलातल्या ब्लेडशेजारच्या सरळ खाचेतल्या, पट्टीवर लावला आणि टोक फेन्सच्या मागच्या भागाला टेकवलं. बोल्टनं काटा शून्यावर आणला, लॉकचा खटका हळूहळू दाबला. अर्ध्यापर्यंत काटा ढिम्म. शेवटच्या बोटभर अंतरात तो एकदम 12 घरं पळाला, म्हणजे 0.12 मिमी. गेज पुढच्या टोकाला नेला तर जेमतेम 4 घरं. म्हणजे फेन्स सरकत नव्हती, वळत होती.

गंमत पुढे आहे. फेन्स ब्लेडकडे आणून लॉक केली तर उडी ब्लेडकडे. ब्लेडपासून लांब नेऊन लॉक केली तर उडी लांबच्या दिशेनं. खटक्यातच खोट असती तर उडी कायम एकाच बाजूला पडली असती. आपण रेटतो फेन्सचं पुढच्या रेलवरचं डोकं, तिच्या मागच्या टोकाचा हूक मागच्या रेलवर घासत मागे रेंगाळतो, फेन्स किंचित तिरकी होते आणि लॉक लागताना गुण्यात (काटकोनात) येते. ज्यांच्याकडे रॅक-पिनियनची (दातेरी पट्टी आणि चाकावर सरकणारी) फेन्स आहे त्यांची दोन्ही टोकं एकदम सरकतात, त्यांनी हा परिच्छेद वाचून नुसतं हसावं.

मागच्या रेलवरचा भुसा पुसून मेण लावलं, हूकचा स्क्रू किंचित सैल केला, आणि सरकवताना डोकं हातानं रेलवर दाबून धरलं. उडी 12 वरून 3 घरांवर आली. इतकं समाधान नवीन ब्लेड लावल्यावरही मिळत नाही! हूक बदलून बघावा म्हणून सुटा भाग मागवला होता, तो जुन्यापेक्षाही मऊ प्लास्टिकचा निघाला. डब्यात पडलाय.

समांतरपणाबद्दल माझं मत असं. आधी ब्लेडच्या एकाच दात्यावर खूण करून, तो पुढे-मागे फिरवून ब्लेड स्लॉटला समांतर करायचं, मगच फेन्स. मागचं टोक 0.05 नं बाहेर असलं तर चालेल. आत मात्र अजिबात नको, लाकूड ब्लेडच्या मागच्या दात्यांत अडकून अंगावर येतं.

उरलेल्या 3 घरांसाठी खटक्याचा कॅम (दाब देणारा उंचवटा) घासायचा बेत होता. तो हे लिहितानाच रद्द केला. लॉक करताना फेन्स हलते, तर आधी लॉकच करून टाकावं आणि नंतर बारीक माप घ्यावं! फेन्सवर पाचरींची जोडी बसवायची. 400 मिमी लांबीची एमडीएफ पट्टी 8 मिमीच्या उतारानं तिरकी चिरली की 1:50 च्या दोन पाचरी मिळतात. एक फेन्सला पक्की, दुसरी तिच्यावर सरकणारी. 5 मिमी सरकवली की पुढचं अंग 0.1 मिमी पुढे येईल, तेही समांतर राहून. दोन्ही उतार एकाच कापातून आलेले, त्यामुळे कोन थोडा चुकला तरी समांतरपणा बिघडत नाही, फार तर पट्टीवरच्या रेघा पुन्हा मारायच्या. आणि या रेघा 5 मिमी अंतरावर, म्हणजे चष्म्याशिवाय दिसतील.

अ‍ॅडजस्टर काढणार नाही; मोठं माप त्यानं, शेवटचे एक-दोन दशांश पाचरीनं. उतारावर शेलॅक (लाखेचं पॉलिश) द्यावं की नुसतं मेण, एवढंच ठरत नाहीये. मेणावर पाचर छान सरकेल, पण तिला जागेवर धरणाऱ्या आवळपट्टीचा बोल्ट घट्ट करताना ती निसटण्याचीही भीती आहे. शेलॅकनं सुरुवात करतो. कुणी मेण वापरून बघितलं असेल तर चिरायच्या आधी सांगा.